स्पॅनिशमध्ये घासाघीस: ग्वादालाहाराच्या त्यांगिसमध्ये पहिल्यांदा जाताना

मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराला नवीन आलेलं कुणी मराठी भेटलं की आठवड्याभरात एक प्रश्न येतोच, भाजी कुठून घेता आणि इथे भाव करतात का. आयटीमुळे इथे आपली माणसं बऱ्यापैकी आहेत, दरवर्षी नवीन येत असतात, आणि पहिले दोन महिने सगळे सुपरमार्केटमध्येच जातात कारण तिथे तोंड उघडावं लागत नाही, वस्तू उचलायची, कार्ड लावायचं, बाहेर पडायचं. मग एक दिवस कळतं की आपल्याच घरामागच्या रस्त्यावर आठवड्यातून एकदा ताडपत्र्या टाकून अख्खा बाजार भरतो, तिथे ताजी कोथिंबीर आहे, पपई आहे, चिकू आहे, अगदी घोळीची भाजीसुद्धा आहे, पण बोलायचं कसं हे माहीत नसल्यामुळे माणूस नुसता चक्कर मारून परत येतो. मीही पहिले तीन आठवडे तेच केलं. त्यामुळे हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय, नवीन येणाऱ्यांसाठी.

या बाजाराला इथे त्यांगिस म्हणतात. शब्द मूळचा स्पॅनिश नाहीच, नाहुआत्ल भाषेतल्या तियांकिस्त्लीवरून आलाय, म्हणजे स्पॅनिश लोक इथे यायच्या आधीपासूनचा. एर्नान कोर्तेस या स्पॅनिश सेनानीने १५२० साली स्पेनच्या राजाला पत्र लिहिलं त्यात तेनोच्तित्लानच्या, म्हणजे आजच्या मेक्सिको सिटीच्या, मोठ्या बाजाराचं वर्णन आहे, रोज साठ हजारांच्या वर माणसं खरेदी-विक्री करतात असं तो लिहितो. तेव्हा सुट्टे पैसे म्हणून कोकोच्या बिया चालायच्या. सांगायचा मुद्दा हा की इथल्या माणसाला बाजार नवा नाही, विकणाऱ्याला गिऱ्हाईक लांबूनच कळतं, त्यामुळे आपण हुशारी करून कुणाला गुंडाळू वगैरे डोक्यातून काढून टाका.

आधी हे ठरवा की भाव कुठे करायचा

आपल्याकडे भाजीवालीशीही दोन रुपयांसाठी बोलतो, ती सवय इथे बाजूला ठेवायची. भाजी, फळं, टोर्टिया, चीज, मांस यांचे भाव पुठ्ठ्यावर लिहिलेले असतात आणि तेच असतात, त्यात कुणी घासाघीस करत नाही. खायच्या स्टॉलवर तर अजिबातच नाही, टाकोचा भाव कुणी विचारून कमी करत नाही. जिथे पुठ्ठ्यावर 'प्रेसियो फीहो' लिहिलंय तिथेही नाही, त्याचा अर्थच एकच भाव.

भाव करायचा तो कपडे, चपला, पिशव्या, भांडी, जुन्या वस्तू, फर्निचर, सजावटीच्या वस्तू, झाडांच्या कुंड्या यांचा. गल्लीतल्या त्यांगिसमध्ये हे सगळं थोडं थोडं असतंच, पण त्यासाठी खास जायचं तर रविवारी एल बारातियो, तिथे जुन्या सामानाचा समुद्र असतो, आणि गुरुवारी किंवा रविवारी तोनाला. तोनाला हे शहराला लागूनच असलेलं कारागिरांचं गाव, माती, काच, कागदाचा लगदा, लोखंड, सगळ्याची कामं तिथे होतात, आणि या दोन दिवशी आवेनिदा तोनालतेकास नावाच्या मुख्य रस्त्यावर बाजार भरतो. शहरात सान हुआन दे दिओसचं मोठं मार्केटही आहे, १९५८ साली बांधलेलं, तिथेही भाव होतो पण ते छपराखालचं आहे आणि तिथली दुकानदार मंडळी जरा घाईची, त्यामुळे शिकायला सुरुवात तिथून करू नका असं माझं मत.

आणखी एक वेगळा कप्पा आहे तो म्हणजे स्वतः बसून वस्तू बनवणारी माणसं. इथल्या हालिस्को राज्याच्या उत्तरेकडचे विरारिका लोक, ज्यांना बाहेरचे उइचोल म्हणतात, ते मण्यांचं काम विकायला बसतात. लाकडावर मेणाचा थर आणि त्यावर सुईच्या टोकाने एकेक मणी दाबून बसवलेला. तुम्ही समोर उभे असताना बाई तेच करत असते, हात थांबत नाही. एका तळहाताएवढ्या जग्वारच्या डोक्यावर किती मणी असतील ते मोजायला जा आणि मग ठरवा की पन्नास पेसो कमी करा म्हणायचंय का. मी तिथे भाव करत नाही. परवडत असेल तर घेते, नसेल तर छान आहे म्हणून पुढे जाते.

पैसे कसे न्यायचे

कॅशच न्या, आणि सुट्टी न्या. पाचशेची नोट दाखवून चाळीस पेसो कमी करा म्हणणं कुठल्याच बाजारात शोभत नाही, आणि सकाळी सकाळी समोरच्याकडे सुट्टे नसतातही. वीस, पन्नास, शंभरच्या नोटा आणि पाच-दहाची नाणी वेगळ्या खिशात. पेसोचं चिन्ह डॉलरचंच आहे, एस आणि उभी रेघ, त्यामुळे पुठ्ठ्यावर ते चिन्ह आणि पुढे ३० बघून दचकू नका, ते पेसोच असतात.

आता एक गोष्ट नीट वाचा. जुनी वीसची नोट निळी आहे आणि त्यावर बेनितो हुआरेसचा चेहरा आहे. २०१८ नंतरची पाचशेची नोटही निळी आहे आणि तिच्यावरही बेनितो हुआरेसच. वीसची नोट प्लॅस्टिकची आणि लहान, पाचशेची मोठी आणि कागदी, पण गर्दीत, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोरगं, तेव्हा हे लक्षात येत नाही. वीसच्या नव्या नोटेचा रंग वेगळा आहे पण जुन्या अजून दिसतात. म्हणून मी पाचशेची नोट बाजारात नेतच नाही, आधी फोडून घेते. आणि पन्नासची नवी नोट मिळाली, जांभळट, मागे आशोलोत्ल नावाचा पाण्यातला गोड प्राणी असलेली, तर ती खर्च करू नका, इथले लोकही ती जपून ठेवतात!

आकडे कानाला यायला हवेत

बोलायला दहा वाक्यं पुरतात पण आकडे ऐकून कळले पाहिजेत, कारण भाव म्हणजे आकडाच. दहापासून शंभरपर्यंत दहा-दहाने असे, दिएस, बेइन्ते, त्रेइन्ता, क्वारेन्ता, सिंक्वेन्ता, सेसेन्ता, सेतेन्ता, ओचेन्ता, नोबेन्ता, सिएन. आपल्याला एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याऐंशी असे शंभर वेगवेगळे शब्द पाठ आहेत, त्या मानाने स्पॅनिश फारच सोपी, तीसच्या पुढे नुसतं 'ई' लावून जोडायचं, त्रेइन्ता ई सिंको म्हणजे पस्तीस.

गडबड होते ती साठ आणि सत्तरमध्ये. सेसेन्ता आणि सेतेन्ता. मी एकदा चादरी घेताना सहाशे साठ ऐकलं, खुशीत हो म्हटलं, पैसे मोजून दिले तर ती बाई तशीच हात पुढे करून उभी, मला वाटलं वाढवून मागतेय, माझा आवाज चढला, शेवटी तिने कॅल्क्युलेटर काढून दाखवलं, सहाशे सत्तर, तिने पहिल्यापासून तेच सांगितलं होतं. दहा पेसोंसाठी मी तिच्याशी चढ्या आवाजात बोलले याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून एक खूण करून ठेवलीय, आपल्या सत्तरमध्ये स नंतर त आहे, सेतेन्तामध्येही स नंतर त आहे. साठमध्ये स, सेसेन्तामध्ये दोन स. एवढं लक्षात ठेवलं की झालं. शिवाय पाचशेला सिंकोसिएन्तोस नाही, किनिएन्तोस म्हणतात, सातशे सेतेसिएन्तोस, नऊशे नोबेसिएन्तोस.

नाहीच कळलं तर 'मान्दे?' म्हणायचं. पुस्तकात 'के?' किंवा 'कोमो?' शिकवतात पण इथे मान्दे हा सगळ्यात नम्र शब्द, म्हणजे आपलं 'काय म्हणालात?' आणि तरीही नाही कळलं तर 'मे लो एस्क्रीबे, पोर फाबोर?', लिहून द्याल का. कुणीही वाईट मानत नाही. आपल्या चेहऱ्यावरून पुष्कळदा त्यांना आपण मेक्सिकनच वाटतो त्यामुळे समोरून फुल स्पीडमध्ये स्पॅनिश येतं, तेव्हा 'आपेनास एस्तोय आप्रेन्दिएन्दो', आत्ता कुठे शिकतेय, असं सांगून टाका. लगेच हळू बोलतात आणि वर चार शब्द शिकवतात.

उच्चाराची काळजी करू नका. त, द, र, हे आपल्यासारखेच आहेत, उलट मराठी माणसाची स्पॅनिश पहिल्या दिवसापासून कानाला बरी लागते. फक्त तुम्ही आणि तू चा फरक पाळा. बाजारात सगळ्यांना 'उस्तेद', म्हणजे तुम्ही. पंचविशीतला पोरगा असला तरी उस्तेदच. खालची सगळी वाक्यं मी उस्तेदमध्येच दिलीत.

आता प्रत्यक्ष बोलणं

सगळ्यात आधी नमस्कार. हे मी पहिल्या नंबरावर ठेवते आणि कितीही वेळा सांगितलं तरी लोक विसरतात. थेट 'क्वांतो?', म्हणजे किती, असं वस्तू हातात धरून विचारणं म्हणजे आपल्याकडे कुणाच्या घरात चपलांसकट शिरण्यासारखं. दुपारी बारापर्यंत 'ब्वेनोस दीआस', त्यानंतर 'ब्वेनास तार्देस', वेळेचा गोंधळ झाला तर नुसतं 'ब्वेनास'. डोळ्यात बघून, हसून. समोरून बहुतेक 'पासेले, वेरीता, के बा आ येबार?' असं येईल, या या, काय घेणार. वेरीता म्हणजे शब्दशः गोरी, पण ते रंगावरून नसतं, बाजारात प्रत्येकीला वेरीता आणि प्रत्येकाला वेरो म्हणतात, आपल्या ताई-दादासारखं. पहिल्यांदा मला वाटलं हा कुणाला हाक मारतोय म्हणून मी मागे वळून पाहिलं होतं.

नुसतंच बघायचं असेल तर 'सोलो एस्तोय ब्येन्दो, ग्रासियास'. कुणी मागे लागत नाही.

भाव विचारायचा तर भाजी-फळांसाठी 'आ कोमो एल किलो?' आणि वस्तूंसाठी 'एन क्वांतो साले?' किंवा साधं 'क्वांतो क्वेस्ता?'. भाव ऐकला की लगेच बोलू नका, वस्तू हातात घ्या, उलटीसुलटी बघा, दोन क्षण जाऊ द्या. या दोन क्षणांत पुष्कळदा तेच म्हणतात, तुम्हाला इतक्याला देतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. आपल्याकडे भाव पाडायचा तर वस्तूत खोट काढायची पद्धत आहे. रंग जाईल का हो, शिलाई कच्ची दिसतेय, पलीकडे यापेक्षा चांगलं दिसलं. तुळशीबागेत हे चालतं कारण दोन्ही बाजूंना माहिती असतं की हा खेळ आहे. इथे तसं नाही. मी आल्या आल्या एका आजींकडे मातीचे रंगवलेले वाडगे बघत होते, त्या स्वतः रंगवतात हे मला माहीत नव्हतं, मी म्हटलं डिझाइन सरळ नाहीये आणि सांगितलेल्या भावाच्या निम्मा आकडा बोलले. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. माझ्या हातातून वाडगा अलगद घेतला, पदराने पुसतात तसा एप्रनने पुसला आणि परत रांगेत ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर इथे उलटं करायचं, आधी कौतुक. 'एस्ता मुई बोनीतो', फार सुंदर आहे. 'उस्तेद लो आसे?', तुम्ही स्वतः करता का. हो म्हणाले तर माती कुठली, किती दिवस लागतात, घरात अजून कोण करतं, जेवढं बोलता येईल तेवढं बोला. मग विचारा 'क्वांतो एस लो मेनोस?'. हे वाक्य म्हणजे हुबेहूब आपलं 'शेवटचं किती?' आणि अख्ख्या घासाघिशीत हे एकच पाठ केलंत तरी तुमचं काम होईल, कारण यात तुम्ही आकडा बोलत नाही, कमी करणं त्यांच्यावर सोडता. आकडा बोलायचाच असेल तर 'मे लो देहा एन त्रेसिएन्तोस?', तीनशेला द्याल का. किंवा 'मे आसे उन देस्क्वेन्तीतो?'. देस्क्वेन्तो म्हणजे सूट, त्याला 'ईतो' लावला की छोटीशी सूट, गोड करून मागितलेली. मेक्सिकोत प्रत्येक शब्दाला हे ईतो-ईता लावतात, पिशवीला बोल्सीता, कॉफीला काफेसीतो, आत्ताला आओरीता, आणि मागणीचं वाक्य त्याने एकदम मऊ होतं.

किती कमी होतं? माझा अनुभव सांगते, तोनालामध्ये एका वस्तूवर दहा टक्के, फार तर पंधरा-वीस. निम्म्यावर आणायचा विचारच करू नका, इथे दुप्पट सांगून निम्म्याला द्यायची पद्धत सहसा नाही. जास्त सूट हवी तर जास्त वस्तू घ्या, 'ई सी मे येबो दोस?', आणि दोन घेतले तर? हा माझा आवडता प्रश्न. काचेचे फुंकून केलेले ग्लास, निळी कड असलेले, एकाचा भाव कधी हलत नाही पण सहा म्हटलं की हलतो.

'या एस लो मेनोस' असं उत्तर आलं तर समजा आता खरंच शेवटचं. तिथे थांबा. पटलं तर घ्या, नाही पटलं तर 'देहेमे दार ऊना ब्वेल्ता, आओरीता रेग्रेसो', एक चक्कर मारून येते. आओरीता म्हणजे आत्ता लगेच, पण मेक्सिकोतला आओरीता पाच मिनिटांचाही असतो आणि कधीच न येणाराही, दोन्ही बाजूंना ते माहीत असतं, म्हणून नाही म्हणायचा हा सगळ्यात सभ्य मार्ग. मागून हाक आली, ठीक आहे तीनशेला घ्या, तर वळायचं आणि घ्यायचं. आपण बोललेल्या आकड्याला ते हो म्हणाले की मागे फिरायचं नाही. आपल्याकडेही भाव करून न घेणाऱ्याला काय म्हणतात ते तुम्हाला माहितीय.

आई, पाटा आणि मोल्काहेते

गेल्या वर्षी आई आली होती सांगलीहून. तिला तोनालाला नेलं गुरुवारी सकाळी. एका कोपऱ्यात काळ्या दगडाच्या वस्तू मांडलेल्या, तीन पायांचे खल, म्हणजे मोल्काहेते, आणि त्याच्या बाजूला तीन पायांवर उभा तिरका दगड आणि त्यावर लांबट बत्ता. आई तिथेच खाली बसली. हा तर आपला पाटा-वरवंटा की गं, म्हणाली. इथे त्याला मेताते म्हणतात, हजारो वर्षं बायका त्यावर मका वाटत आल्यात.

आईला स्पॅनिशचा एक शब्द येत नाही. तिने मोल्काहेतेच्या आतून तळवा फिरवला, मग बत्त्याने दोनदा घासलं आणि आत पडलेली पूड बोटावर घेऊन अंगठ्याने चोळली. पूड राखाडी, पिठासारखी. दुसरा उचलला, तसंच केलं, त्यातून वाळूचे कण सुटले. तो तिने बाजूला ठेवून दिला. विकणारे काका हे सगळं बघत होते, ते उठले आणि मागून, टेबलाखालून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला तिसरा काढून तिच्यासमोर ठेवला. त्यांनी मला विचारलं, तुमच्या आई घरी दगडावर वाटतात का. मी म्हटलं हो, आणि टाकी लावायला माणूस यायचा तेही कसंबसं सांगितलं. भाव चारशे ऐंशी सांगितला होता. मी लो मेनोस विचारायच्या आत ते म्हणाले सेन्योरासाठी, म्हणजे बाईंसाठी, चारशे, आणि वर एक छोटा लाकडी चमचा टाकला पिशवीत.

यातून घ्यायचं ते एवढं की वस्तू कळणाऱ्या गिऱ्हाइकाला इथे मान आहे. म्हणून जायच्या आधी वस्तूची माहिती करून घ्या. खरा मोल्काहेते बसाल्टचा असतो, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच दगड, अंगाला बारीक छिद्रं आणि वजनदार. नकली सिमेंटचे असतात, त्यांना घासलं की वाळू सुटत राहते. विचारायचं, 'एस दे पिएद्रा?', दगडाचा आहे ना. खरा असला तरी घरी आणून आधी कच्चे तांदूळ वाटायचे, पूड पांढरी येईपर्यंत पुन्हा पुन्हा, मग लसूण आणि खडेमीठ. याला इथे कुरार म्हणतात.

मातीच्या भांड्यांबद्दल त्याहून महत्त्वाचं. चकचकीत झिलई असलेल्या पारंपरिक भांड्यांच्या झिलईत शिसं असू शकतं, आणि चिंच, लिंबू, टोमॅटो अशा आंबट पदार्थांत ते उतरतं. आपलं सगळं जेवण चिंच-कोकमाचं. त्यामुळे स्वयंपाकासाठी घेत असाल तर भावाच्या आधी हे विचारा, 'एस सिन प्लोमो?', शिशाशिवाय आहे का, आणि 'एस पारा कोमीदा ओ दे आदोर्नो?', खाण्यासाठी की शोभेचं. उत्तर द्यायला कुणी अडखळलं तर शोभेसाठी घ्या, आमटीसाठी नको. घरात लहान मूल असेल तर यात अजिबात हयगय करू नका.

भाजीच्या बाजारातली गंमत

भाजीत भाव होत नाही म्हटलं, पण पिलोन होतो. पिलोन म्हणजे वर टाकलेलं. आपण मिरच्या-कोथिंबीर वर टाका म्हणतो ना, तेच. नेहमीच्या ठिकाणी घेतलंत की हसून म्हणायचं 'ई मी पिलोन?' आणि एक लिंबू, चार मिरच्या, एखादं केळं पिशवीत पडतं. पहिल्याच दिवशी मागू नका, दोनतीनदा जाऊन ओळख झाली की मागा. ओळख झाली की तुम्हाला 'मार्चान्ता' म्हणायला लागतात, आणि तुम्हीही त्यांना मार्चान्ता किंवा मार्चान्ते म्हणायचं, हा शब्द दोन्ही बाजूंनी चालतो. पेरू देशात गेलात तर हाच पिलोन तिथे यापा होतो आणि मार्चान्ताची कासेरीता होते, तेवढं बदलून घ्या.

काही भाज्या ओळखून ठेवा म्हणजे विचारायला सोपं. बेर्दोलागास म्हणजे घोळ. किन्तोनिलेस ही राजगिऱ्याच्या कुळातली पालेभाजी, माठासारखी होते. फ्लोर दे हमाइका म्हणजे लाल अंबाडीची सुकवलेली फुलं, चटणीला उत्तम. ग्वायाबा पेरू, चिकोसापोते चिकू, तामारिन्दो चिंच. पिलोन्सियो म्हणजे सुळक्यासारखा गूळ, पुरणपोळी मी त्याचीच करते. टोमॅटोला इथे हितोमाते म्हणायचं, नुसतं तोमाते म्हटलंत तर पापुद्र्यातला हिरवा आंबट टोमॅटो मिळेल. अर्धा किलो 'मेदियो किलो', पाव 'उन क्वार्तो', जुडी 'मानोहो', वाट्यावर विकतात तो 'मोन्तोन'.

अवोकॅडो घेताना मुलगा विचारेल 'पारा ओय ओ पारा मान्याना?', आजसाठी की उद्यासाठी, आणि त्याप्रमाणे दाबून नेमका निवडून देईल. त्याच्यावर सोडा, स्वतः दाबत बसू नका. आंब्याची फोड पुढे करून 'सिन कोम्प्रोमीसो' म्हणतील, म्हणजे चव घ्या, घ्यायलाच हवं असं नाही. घ्या बिनधास्त. सगळं झालं की 'सेरीआ तोदो', एवढंच, आणि 'क्वांतो ले देबो?', किती द्यायचे. निघताना 'ग्रासियास, के ले बाया ब्येन'. वाटेत कुणी स्टुलावर बसून खात असेल तर जाता जाता 'प्रोबेचो' म्हणायचं, अनोळखी असला तरी. तोंडात घास असूनही ते मान हलवून ग्रासियास म्हणतात.

वेळ कुठली

दोन वेळा चांगल्या. एक अगदी सकाळी. आपल्याकडे जशी भवानी तशी इथे पहिल्या विक्रीचे पैसे हातात घेऊन क्रॉस करतात, त्याला पेर्सिग्नार्से म्हणतात. नोट कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना लावतात. पहिलं गिऱ्हाईक परत पाठवणं त्यांच्याही जिवावर येतं, म्हणून दहाच्या आत गेलात तर बोलणं लवकर जुळतं. पण त्याचा फायदा घेऊन कुणाला अजून खाली ओढू नका, भवानीचं गिऱ्हाईक आहात, बरा भाव द्या.

दुसरी वेळ दुपारी, आवराआवर सुरू होते तेव्हा. भाज्यांचे मोन्तोन तेव्हा मोठे होतात आणि पिकलेली फळं 'रेमाते', म्हणजे स्वस्तात काढून टाकतोय, असं ओरडून विकतात. जॅम करायचा असेल, मुरांबा करायचा असेल तर तेव्हाच जा. वस्तूंसाठी मात्र उशिरा जाऊ नका, चांगलं सगळं गेलेलं असतं आणि बायका सामान गुंडाळायच्या घाईत असतात, बोलायला वेळ नसतो.

तोनालाला जाणार असाल तर कापडी पिशव्या दोन, पाण्याची बाटली, टोपी, आणि वस्तू गुंडाळायला जुने टॉवेल. काच आणि माती ते वर्तमानपत्रात बांधून देतात पण बसमध्ये तेवढं पुरत नाही. आणि मोल्काहेते भारतात न्यायचा असेल तर तो चेक-इनच्या बॅगेत मधोमध, कपड्यांत, बत्ता वेगळा गुंडाळून. वजन आधी घरी करून बघा, आईची बॅग त्या एका दगडामुळे आम्हाला रात्री दोनदा पुन्हा भरावी लागली.